सात नंबरची विहीर

अमरावतीच्या एका प्रयोगशाळेनं अफसानाकडे कोळसा खाणीभोवतालच्या दहा विहिरी सोपवल्या होत्या. दर पंधरवड्याला बडनेऱ्याहून यायचं, टेप सोडून पाण्याची पातळी मोजायची, तपासणीसाठी बाटल्या भरून न्यायच्या. वर्षभर पातळी खालीच चालली होती. खाणीचे साहेब म्हणायचे, "पाऊस कमी झाला, त्याला आम्ही काय करणार?"

दोन हजार सहाच्या एप्रिलात तिनं जमुनाबाईंच्या मळ्यातल्या सात नंबरच्या विहिरीत टेप सोडला आणि ती चक्रावली. मागच्या वेळी पाणी चौदा मीटर खोल होतं. आज साडेबारावर! तिनं तीनदा मोजलं. तेच.

"मावशी, भर उन्हाळ्यात पाणी वर आलं?"

"तीन दिवसांपासून चढून राहिलं ना बाई," जमुनाबाई म्हणाल्या. "खाणीतले पंप बंद हायेत. लायटीची डीपी जळाली त्यायची. आज चार वाजता सुरू करतात म्हणे."

अफसानानं खाणीकडे पाहिलं. खड्डा कोरडा ठेवायला खाण रात्रंदिवस पाणी उपसत होती. उपसा थांबताच विहीर भरू लागली होती. मग उपसा सुरू झाल्यावर?

"मी इथंच थांबते. गाडी गेली तर जाऊ द्या."

चार वाजता खाणीकडून घरघर सुरू झाली. दोघी दर अर्ध्या तासानं मोजू लागल्या, अफसाना वेळ आणि आकडा कागदावर लिहू लागली. पाच वाजेपर्यंत काहीच नाही. साडेपाचला पाणी दोन बोटं खाली. साडेसहाला वीतभर!

"उतरलं मावशी, उतरलं!" अफसानानं त्यांना मिठीच मारली.

"अवं, माही विहीर आटून राहिली अन् तू नाचून काहून राहिली?"

"आता पावसावर ढकलता येणार नाही त्यांना!"

जमुनाबाईंनी पदराला हात पुसले. मग म्हणाल्या, "आण तो कागद. मी बी सही करतो."

पुढच्या आठवड्यात खाणीच्या ऑफिसात साहेबांनी त्या नोंदी आपल्या पंपांच्या वेळांशी ताडून पाहिल्या. वेळा जुळत होत्या. "मान्य आहे, आमच्या उपशामुळंच," ते म्हणाले.

उपसलेलं पाणी हौदात निवळून, तपासून गावतळ्यात सोडायचं ठरलं. त्यात क्षार होते, म्हणून पिण्यासाठी वेगळी नळयोजना. मे अखेरीस पहिलं पाणी पाइपातून धो धो तळ्यात पडलं. सगळं गाव काठावर लोटलं होतं, गुरं तर थेट पाण्यात शिरायला बघत होती. अफसाना बाटली घेऊन उतरू लागली तशा जमुनाबाई गर्दीवर ओरडल्या, "सरका रे, गुरं आवरा! पोरीले आधी पाणी भरू द्या!"