घाबरायला होतं म्हणजे?

पालघर जिल्हा नवा झाला, त्याच पावसाळ्यात आनंदीबाईंना पहिल्यांदा ते झालं. घोलवडच्या आपल्या वाडीत मांडवाखाली बसून त्या चिकू निवडत होत्या. निवडून झाले, त्या उठल्या, घराच्या पाच पायऱ्या चढल्या आणि टोपलीत टाकलेली जिवंत मासळी उसळावी तसं छातीत काहीतरी तडफडायला लागलं. त्या तिथंच पायरीवर बसल्या. सून भाविका पाणी घेऊन धावत आली.

"आई, काय होतंय?"

"घाबरायला होतंय गं."

हा एक शब्द पुढे तीन वर्षं त्यांच्या मानगुटीवर बसला.

आनंदीबाईंचं माहेर झाईच्या पलीकडे, गुजरातच्या हद्दीतल्या उंबरगाव भागातलं. तिथं उन्हाने जीव कासावीस झाला, दम कोंडला, छाती धडधडली, की आई म्हणायची, गभरामण होतेय. त्यात भीतीचा काही संबंध नसायचा. अठराव्या वर्षी लग्न होऊन त्या घोलवडला आल्या, तेव्हा सासूबाईंनी त्यांच्या तोंडचे गुजराती शब्द खडे वेचावेत तसे एकेक वेचून काढले. "आपल्यात असं नाही हो म्हणत." मग आनंदीबाईंनी आपल्या परीने प्रत्येक शब्दाचं मराठी करून टाकलं. गभरामणचं झालं घाबरणं. घरातल्या कुणाचं त्यामुळे अडलं नाही. अडलं ते डॉक्टरांपुढे.

डहाणूच्या डॉक्टरांनी विचारलं, "कशाची भीती वाटते? घरात काही टेन्शन?" आनंदीबाई म्हणाल्या, भीती नाही वाटत, घाबरायला होतं. डॉक्टर हसले. "कळलं," म्हणाले आणि मन शांत राहायची गोळी लिहून दिली. मुलगा जतीन त्यांना वापीला घेऊन गेला. तिथले डॉक्टर गुजराती, म्हणून आनंदीबाईंना हायसं वाटलं. त्यांनी आईचा जुना शब्द काढला, "गभरामण थाय छे." त्या डॉक्टरांनी पुढचं वाक्य ऐकलंच नाही. "समजी गयो. गॅस." कार्डिओग्राम काढला, त्यात विशेष काही निघालं नाही, आणि चार महिने गॅसची पावडर. नंतर बोरिवलीच्या नणंदेने एक मोठे डॉक्टर सुचवले. त्यांनी दमा ठरवला आणि तोंडात मारायचा पंप दिला. पंप मारला की छातीतली मासळी जास्तच उसळायची.

फाईल जाड होत गेली. प्रत्येक डॉक्टर आधीच्या डॉक्टरचा कागद वाचायचा आणि त्यावरच्या अक्षरांवर विश्वास ठेवायचा. समोर बसलेल्या आनंदीबाईंकडे बघायला वेळ उरत नसे. त्यात बोलायची भाविकाच. ती मनाची चांगली, पण तिला वाटे, सासूबाईंना नीट सांगता येत नाही. "डॉक्टर, त्या फार घाबरतात," असं ती पहिल्याच वाक्यात सांगून मोकळी व्हायची.

हळूहळू घरातही तेच झालं. पाहुणे आले की जतीन म्हणायचा, "आईचा स्वभावच घाबरट झालाय आताशा." नात शेजारच्या पोरांना सांगायची, आमची आजी घाबरट आहे. आनंदीबाईंना ते ऐकून हसू यायचं, मग एक दिवस हसू यायचं थांबलं. ज्या बाईने ऐन वादळात वाडीत उभं राहून पडलेली झाडं मोजली, घरात निघालेली घोणस काठीने बाहेर काढली, ती आता भित्री? पण तीन-तीन डॉक्टर सांगतात, तर असेलही. आपल्याला आपलंच कळत नसेल. हे असं वाटणं त्यांच्यासाठी धडधडीपेक्षा वाईट होतं.

दोन हजार सतराचा दसरा झाला आणि जतीनने वलसाडला मनाच्या डॉक्टरांची तारीख घेतली. पुढचा मंगळवार. सदूभाऊ, त्यांचे यजमान, वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणाले, "जाऊन ये. त्यात लाजण्यासारखं काय?" लाजण्यासारखं काही नव्हतंच. आनंदीबाईंना एवढंच कळत होतं, की त्या डॉक्टरांकडे गेल्यावर आपलं घाबरट असणं कायमचं कागदावर येणार, आणि मग छाती फुटली तरी कुणी छातीकडे बघणार नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत नवशी आली. नवशी तलासरीकडच्या पाड्यातली, वीस वर्षं त्यांच्याकडे चिकू तोडायला येणारी. ती लहानथोर सगळ्यांना अरे-तुरेच करायची, तिच्या बोलीत तसंच असतं. आनंदीबाईंचे सुजलेले पाय बघून ती म्हणाली, "बाय, तू आमच्या डॉक्टरणीला दाखव. पण एक सांगते. तिला काय पण ठाऊक नाय."

"मग कशाला जाऊ?"

"लांबची हाय ना. लातूर का कुठली. एवढी शिकली, पण आपलं बोलणं तिला समजं नाय. आमच्या पोराचा, लाहूचा खोकला दाखवायला नेला, तर 'रग लागते' म्हणजे काय विचारते, 'अंग मोडून आलं' म्हणजे कुठून मोडलं विचारते. विचारून विचारून आमचा नवरा कंटाळला. बोलला, हिला मीच शिकवू काय डॉक्टरी?"

आनंदीबाई हसल्या. मग हातातला चिकू हातातच राहिला.

"विचारते?"

"लय विचारते गो."

सोमवारी सकाळी, घरात कुणाला न सांगता, त्या नवशीबरोबर तलासरीच्या जीपमध्ये बसल्या. फाईल घरीच ठेवली. घेतली असती, तर भाविकाने कुठे म्हणून विचारलं असतं.

दवाखाना एका ट्रस्टचा, पत्र्याच्या छपराचा. बाहेर बाकावर पाड्यापाड्यातल्या बायका. त्यातली एक, हिरू, सरकून जागा देत म्हणाली, "ही वाडीवाली इकडं कशी? वापीचे डॉक्टर मेले काय?" सगळ्या हसल्या. आनंदीबाईही हसल्या, आणि दोन तास त्यांच्यात बसल्या.

डॉक्टर मुक्ता बिराजदार असेल तिशीची. टेबलावर डबा अर्धा खाल्लेला.

"बसा मावशी. काय होतंय?"

"घाबरायला होतं."

डॉक्टरणीने पेन खाली ठेवलं. "घाबरायला होतं म्हणजे?"

आनंदीबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. तीन वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे... घाबरायला होतं."

"कशाला घाबरता? माणसाला? अंधाराला?"

"नाही हो. मी नाही घाबरत. जीव घाबरतो."

"तुम्ही नाही, जीव." डॉक्टरणीने मान हलवली. "मला नाही कळलं मावशी. आमच्याकडं असं कुणी म्हणत नाही. हातानं दाखवा की कसं होतंय."

आनंदीबाईंनी पंजा छातीवर ठेवला आणि बोटं फडफडवली. एकदा भराभर, मग थांबून, मग पुन्हा भराभर, काही ताल नसलेलं. मग दोन्ही हात गळ्याशी नेले. डॉक्टरणी बघत होती. तिने आपल्या हाताची बोटं टेबलावर तशीच वाजवून पाहिली. "असं? की असं?"

"दुसरं. मध्येच चुकल्यासारखं."

"कधी होतं?"

"पायऱ्या चढले की. विहिरीवरून कळशी आणली की. आडवं पडलं की."

"आडवं पडलं की?" ती पुढे वाकली. "मग झोपता कशा?"

"झोप लागते चांगली."

"कुठं झोपता?"

आनंदीबाईंना जरा लाज वाटली. "ओटीवर झोपाळा आहे आमच्या. त्याच्या पाठीला टेकून. बसूनच. दीड वर्ष झालं. घरातले म्हणतात, हिला वाऱ्याचा शौक."

डॉक्टरणीने त्यांना तपासायच्या टेबलावर डाव्या कुशीला वळायला सांगितलं आणि नळी लावून डोळे मिटले. बाहेर हिरूचा आवाज आला, "आत झोपली काय गो ती?" तरी तिने डोळे उघडले नाहीत. आनंदीबाईंना आईची आठवण झाली. दाराशी कान लावून बाबांची बैलगाडी आली का, हे आई असंच ऐकायची.

"मावशी, लहानपणी सांधे सुजले होते का कधी? एक बरा झाला की दुसरा?"

आता मात्र आनंदीबाई उठून बसल्या. पन्नास वर्षांपूर्वीचं ते, घोलवडमध्ये कुणाला माहीतसुद्धा नव्हतं. नऊ वर्षांच्या होत्या. आधी घसा, मग ताप, मग गुडघा नारळाएवढा. गुडघा उतरला तर कोपर. आई एरंडाची पानं निखाऱ्यावर गरम करून बांधायची. तीन महिने शाळा नाही, मामा पाठीवर घेऊन अंगणात फिरवायचे, आणि त्या मामांच्या खांद्यावरून कैऱ्या तोडायच्या. सगळे म्हणाले, वारं होतं, गेलं. त्यांना आठवत होता तो पानांचा वास. हे सगळं त्या एका दमात सांगत गेल्या आणि डॉक्टरणी लिहीत गेली.

"सांध्यांतून गेलं ते," ती शेवटी म्हणाली, "पण हृदयात एक झडप आहे, तिथं मुक्काम ठोकून बसलं. ती झडप अरुंद झालेली असणार. सोनोग्राफीसारखी हृदयाची तपासणी करावी लागेल, तेव्हा पक्कं कळेल. ते माझ्याकडं होत नाही. मी यातली मोठी डॉक्टर नाही मावशी. मी चिठ्ठी देते, मुंबईला जावं लागेल. आणि पाय उतरायला ही गोळी. मनाची गोळी चालू आहे म्हणालात, ती अचानक तोडू नका, अर्धी अर्धी करत थांबवू."

"म्हणजे मी भित्री नाही?"

डॉक्टरणी हसली. "ते मला काय माहीत? पण छातीत आवाज आहे, आणि आवाज काही घाबरून येत नाही."

जीपमध्ये आनंदीबाई रडल्या. नवशीने विचारलं, "वाईट बोलली काय?" त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

संध्याकाळी चिठ्ठी टेबलावर ठेवली, तेव्हा जतीन चिडला. "मजुरांच्या दवाखान्यात? आधी वापीच्या डॉक्टरांना ही चिठ्ठी दाखवू."

"नाही दाखवायची."

"आई, उद्या वलसाडची तारीख आहे."

"तू जा," आनंदीबाई म्हणाल्या. "तुला टेन्शन आहे."

सदूभाऊंनी पहिल्यांदा वर्तमानपत्र खाली घेतलं. भाविका मात्र ओटीवरच्या झोपाळ्याकडे बघत उभी होती. "मी रोज सकाळी तुमचं अंथरूण तसंच्या तसं घडी केलेलं बघत होते," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, वारा खाऊन तुम्ही रात्री आत येऊन झोपता आणि लवकर उठून घडी करता."

मुंबईच्या तपासणीत झडप अरुंद निघाली. मांडीच्या शिरेतून एक बारीक फुगा नेऊन ती रुंद करायची, असं ठरलं. सदूभाऊ म्हणाले, "डहाणूत फुग्याच्या एवढ्या फॅक्टऱ्या, आणि फुगा भरायला जायचं मुंबईला!" सगळे हसले. जानेवारीत फुगा झाला. पंधरा दिवसांनी आनंदीबाई पाठ टेकून पलंगावर झोपल्या.

पुरतं बरं असं काही झालं नाही. पाच गोळ्या मागे लागल्या, त्यातली एक रक्त पातळ ठेवायची, तिच्यासाठी महिन्या-दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. ते त्या तलासरीलाच जाऊन करत. नवशीशेजारी बाकावर बसत, हिरू टोमणे मारी. डॉक्टरणी तोवर पुष्कळ शब्द शिकली होती. आनंदीबाईंनी तिला गभरामण आणि घाबरणं यातला फरक तीनदा समजावला होता.

दोन हजार एकोणीसच्या होळीनंतर ती गेली. पुढचं शिकायला, पुण्याला. आनंदीबाईंनी तिला चिकूची करंडी दिली. जन्मभर पुरणारं दुखणं, आणि कळून घेणारा माणूस मात्र दीड वर्षाचा.

तिच्या जागी नवा डॉक्टर आला. तरुण, इथलाच, पालघरचा. भाषेची अडचण नाही, सगळं येणारा. पहिल्या दिवशी भाविका बरोबर गेली होती. आत जायच्या वेळी ती उठली, तशी आनंदीबाईंनी तिला हाताने खाली बसवलं. "तू बाहेर थांब."

त्या एकट्या आत गेल्या. खुर्चीवर बसल्या. डॉक्टर जुने कागद उलटत होता.

"बोला काकू, काय त्रास?"

"दोन दिवस झाले, परत थोडं घाबरायला होतंय."

"हं, कळलं," तो म्हणाला आणि पेन उचललं.

आनंदीबाईंनी त्याच्या हाताखालचा कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"काय कळलं?" त्या म्हणाल्या. "सांग बघू मला."