उल्का येतेय, गॅस बंद केलास का?

शाळेत तो काढायचा कमी आणि खोडायचा जास्त, म्हणून वर्गाने त्याचं नाव रबऱ्या ठेवलं. बाकी सगळं खोडता आलं, हे नाव तेवढं राहिलं.

मोठेपणी रबऱ्या एका खोक्यांच्या कंपनीत चिन्हं काढायला लागला. खोक्यावर छत्री असते ना, म्हणजे भिजवू नका? ती त्याची. फुटका पेला, म्हणजे जपून उचला? तोही त्याचाच. चार वर्षांत त्याने छत्री एकशे सहा तऱ्हांनी काढून दाखवली, आणि साहेबांनी प्रत्येक वेळी पहिलीच पसंत केली.

जीव मात्र अडकला होता डायनोसॉरांत. 'उल्का येतेय' ही त्याची वेबकॉमिक चार वर्षं दर रविवारी इंटरनेटवर येत होती. एका टेकडीवर दोन डायनोसॉर उभे, एक लांब मानेचा, एक आखूड हातांचा, आणि आकाशात उल्का. दर रविवारी उल्का तांदळाएवढी पुढे सरकायची आणि ते दोघे काहीतरी गहन बोलायचे. उदाहरणार्थ, "काळ ही कल्पना आहे का?" "आता हो." वाचक एक्केचाळीस. त्यातली दोन खाती त्याच्या ताईची.

स्टुडिओ म्हणजे आईचं कटिंगचं टेबल. आई घरीच शिवणकाम करायची. टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग तिचा. तिथे कापड, खडू, टाचण्यांची डबी, मापाची टेप. भिंतीकडचा अर्धा याचा. तिथे ड्रॉइंगचा टॅबलेट आणि गार झालेला चहा. मधे खडूची रेघ होती. कात्री तेवढी पारपत्राशिवाय इकडून तिकडे जायची.

आता त्याची कामाची पद्धत सांगायला हवी, कारण सगळा घोटाळा तिथेच झाला. बोलणाऱ्याच्या तोंडाजवळचा फुगा केवढा काढायचा, हे त्यात अक्षरं भरल्याशिवाय कळत नाही. म्हणून रबऱ्या आधी फुग्यात काहीही लिहायचा, आणि काहीही म्हणजे त्या क्षणी घरात जे कानावर पडेल ते, बहुतेक आईचंच बोलणं. ही खोटी ओळ टॅबलेटमधल्या एका थरावर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या पारदर्शक कागदावर. मग विचार करकरून सुचलेला खरा विनोद दुसऱ्या थरावर. शेवटी खोटा थर झाकायचा, खरा उघडा ठेवायचा आणि चित्र पाठवून द्यायचं. दोनशे बारा रविवार हे बिनचूक झालं.

दोनशे तेराव्या रविवारी त्याने खरा थर झाकला.

चित्र गेलं ते असं. पहिल्या चौकटीत लांब मानेचा उल्केकडे बघत विचारतो, "गॅस बंद केलास का?" दुसऱ्या चौकटीत कोणीच बोलत नाही. तिसऱ्या चौकटीत आखूड हातांचा म्हणतो, "केला असं वाटतंय." चौथ्या चौकटीत उल्का एवढी मोठी, आणि लांब मानेचा म्हणतो, "वाटतंय म्हणजे काय? जाऊन बघून ये."

सोमवारी सकाळी रबऱ्या छत्रीची मूठ गोल करत असताना ताईचा फोन आला. ताई दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. तिच्या मागे कोणीतरी आ करून ओरडत होतं.

"अरे ए येड्या, काय टाकलंयस तू?"

"काळावरचं आहे. तुला नाही कळायचं."

"काळावरचं काय, गॅसवरचं आहे! चार लाख लोकांनी बघितलंय! आमचे डॉक्टर पेशंटच्या तोंडात आरसा ठेवून हसतायत!"

रबऱ्याने फोन उघडला, चित्र बघितलं आणि त्याला कळलं, खरा थर झाकला गेला होता. मग त्याने खालच्या प्रतिक्रिया वाचल्या. लोकांचे दोन पक्ष पडले होते. एका पक्षाचं म्हणणं, गॅस बंद होता. दुसऱ्याचं, चालूच होता आणि उल्का हे निमित्त. एका अभ्यासू माणसाने 'वाटतंय' या उत्तरावर अकरा भागांत लेख लिहिला होता. एकाने नम्रपणे निदर्शनास आणलं होतं की डायनोसॉरांकडे गॅस नव्हता. त्याला सातशे लोकांनी पुरावा मागितला होता. कोणीतरी ते वाक्य आपल्या मांजराला घालायच्या कपड्यावर छापून मोकळा झाला होता. मांजर नाराज दिसत होतं. रबऱ्या खुर्चीवरून उठला, बसला, पुन्हा उठला, आणि त्या दिवशी त्याने अशी छत्री काढली की साहेब म्हणाले, "ही उडतेय का?"

मंगळवारी एका मोठ्या साइटच्या संपादिकाबाईंचा फोन आला. बाई फार घाईत होत्या.

"शुक्रवारी दुपारी बारापर्यंत नवीन चित्र द्या. याच जातीचं. चाललं तर दर आठवड्याची जागा तुमची, नोकरीच समजा. बारा वाजून एक मिनिट झालं की जागा दुसऱ्याची. त्याने बटाट्यावर मालिका केलीय."

"बटाट्यावर?"

"बटाटा फार चांगला बोलतो हो," बाई गंभीरपणे म्हणाल्या आणि फोन ठेवला.

म्हणजे एक चित्र! एकच! ते जमलं की जन्मभराच्या छत्रीतून सुटका! रबऱ्या जिन्याच्या तीन तीन पायऱ्या गाळत घरी आला. अवघड काय होतं त्यात? आई बोलणार, हा लिहिणार.

पण ताई आधीच येऊन बसली होती आणि तिने आईला सगळं वाचून दाखवलं होतं. मांजरासकट.

आई मशीनजवळ ताठ बसली होती. ठेवणीतला ड्रेस, केस चापून चोपून.

"म्हणजे मी बोलते ते चार लाख लोक ऐकतात," ती सावकाश म्हणाली.

"आता सहा," ताई म्हणाली.

"आणि मला गॅसवर बोलायला लावलंस? एवढ्या माणसांसमोर?" आईने घसा खाकरला. "आयुष्य म्हणजे काय रे? एक न संपणारी शिलाई."

रबऱ्याने लेखणी खाली ठेवली. त्याला एकदम बटाटा दिसायला लागला.

बुधवारभर हेच. आई तोंडातल्या टाचण्या काढून ठेवून मगच बोलायची. झगा आखडून घ्यायला आलेल्या बाईंना म्हणाली, "माप हे कापडाचं असतं, माणसाचं नाही." त्या बाई घाबरून झगा तसाच परत घेऊन गेल्या. दूधवाल्याला तिने "उद्या हा फक्त एक शब्द आहे" असं सांगितलं. तो गुरुवारी आलाच नाही.

रबऱ्याने स्वतः ओळी रचून बघितल्या. ताईने वाचल्या आणि मान हलवली. "हे आई बोललेली नाही. आई असं बोलली असती तर मी डॉक्टर बोलावला असता. आमचे नव्हे, खरे."

"मग काय करू?"

"चिडव तिला. चिडली की मूळ पदावर येते."

म्हणून बुधवारी रात्री त्याने ओला टॉवेल आईच्या पलंगावर टाकला. या गुन्ह्याला या घरात आजवर माफी नव्हती. आई आली, टॉवेल बघितला. तिचा खालचा ओठ थरथरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. दाराआड रबऱ्या वही उघडून तयार.

"ओलावा," आई डोळे मिटून म्हणाली, "हाही एक अनुभव आहे."

टॉवेल तिथेच राहिला. आई पलंगाच्या दुसऱ्या कडेला अंग चोरून झोपली.

गुरुवारी त्याने भर दुपारी घरातले सगळे दिवे लावले. चपला कटिंगच्या टेबलावर ठेवल्या, आणि त्याही रेघेच्या पलीकडे. दुधाच्या भांड्यात चमचा सोडून भांडं तसंच फ्रिजमधे कोंबलं. आईने एकेक गोष्ट बघितली आणि दर वेळी भिंतीचा आधार घेतला. संध्याकाळी ताई म्हणाली, "बास कर रे, माणूस आहे ती. फुटेल."

शुक्रवारी रबऱ्याने कंपनीत पोटदुखी कळवली, आणि ती खोटीही नव्हती. टेकडी काढून झाली, उल्का काढून झाली, दोघे डायनोसॉर काढून झाले. चार फुगे रिकामे. घड्याळात अकरा वीस. तो रिकाम्या फुग्यांकडे बघत बसला, आणि त्याला पहिल्यांदाच कळलं की घर इतकं शांत त्याने कधी ऐकलं नव्हतं. मशीनसुद्धा बंद होतं.

"आई," तो म्हणाला, "तू काही नको बोलूस. माझीच चूक झाली. मी चोरून लिहीत होतो, तुला विचारलंही नाही. जाऊ दे ती जागा. बटाट्याला मिळू दे."

आई उठली. तिच्या मनात बहुतेक बटाट्याविषयी काहीतरी भव्य आलं होतं, कारण तिने हात वर केला होता. पण बोलण्यासाठी ती रेघ ओलांडून त्याच्या बाजूला आली आणि तिची नजर टॅबलेटवर पडली. चार वर्षं ती शेजारी बसून शिवत होती. चित्र तिने कधी नीट बघितलंच नव्हतं. तिच्या मते तो ऑफिसचं काम करायचा.

तिने चष्मा लावला.

"हे कोण?"

"डायनोसॉर."

"तो नव्हे, तो लांब मानेचा दिसतोय मला. त्याला कॉलर शोभणार नाही. हा दुसरा कोण?"

"तोही डायनोसॉरच. त्याचा मित्र."

आईने गळ्यातली टेप काढली आणि काचेवर आखूड हाताला लावली. कपाळाला आठी पडली. तिचा आवाज तिला न विचारता मूळ जागी येऊन बसला.

"अरे, याचे हात केवढेसे! बाही शिवायची तरी कुठून? दंडाला आणि मनगटाला एकच माप. आणि बटणं? बटणं कोण लावून देतं रे याला?"

रबऱ्या हलला नाही. हलला असता तर तिच्या लक्षात आलं असतं. त्याचा डावा हात तेवढा टेबलाखाली मांडीवर, खडूने, चक्क पँटवर लिहीत होता.

"आणि एवढ्या थंडीत उघड्यावर उभा केलायस त्याला. वर ते काय येतंय, दगड? बघतोय आपला वर तोंड करून! याची आई कुठंय?"

"नाही काढली."

"का नाही काढली?"

चार वर्षं, दोनशे तेरा रविवार, रबऱ्याला हे कोणी विचारलं नव्हतं; अकरा भागांच्या लेखातही नव्हतं. त्याने लेखणी उचलली.

पहिल्या फुग्यात लांब मानेचा म्हणाला, "तुझे हात केवढेसे!" दुसऱ्या फुग्यात, "बटणं कोण लावून देतं रे तुला?" तिसरा फुगा त्याने पुसून टाकला, तिथे फक्त उल्का, आधीपेक्षा मोठी. चौथ्या चौकटीत आखूड हातांच्या तोंडाजवळ त्याने एक अगदी छोटा फुगा काढला, आणि या खेपेला तो केवढा हवा हे आधी लिहून बघायची गरज पडली नाही. त्यात लिहिलं, "आई."

आईने वाचलं. चष्मा काढला, ड्रेसच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला.

"हे मी नाही बोलले," ती म्हणाली.

"नाही. हे मी."

अकरा अठ्ठावन्न. त्याने थर सात वेळा तपासले. एकच थर होता, तरी सात वेळा. चित्र गेलं. घड्याळाचा काटा बारावर आला आणि फोन वाजला. रबऱ्याने हिरवं बटण दोनदा चुकवून तिसऱ्यांदा दाबलं. त्या गडबडीत स्पीकरही लागला.

"अहो," संपादिकाबाई म्हणाल्या. आज त्या घाईत नव्हत्या. नाक ओढल्याचा आवाज आला. "जागा तुमची. मी जरा माझ्या आईला फोन करते आणि मग बोलते. आणि गॅसचं काय झालं शेवटी? बंद होता?"

"बंद होता असं वाटतंय," रबऱ्या म्हणाला.

"वाटतंय म्हणजे काय!" बाई ओरडल्या आणि हसत हसत त्यांनी फोन ठेवला.

रबऱ्या खुर्चीवर चढला, टेबलावर चढला, रेघेच्या दोन्ही बाजूंना एकेक पाय ठेवून नाचला. टाचण्यांची डबी उलटली. चहा कापडावर सांडला. ताईला फोन लावला तर पलीकडून ताई, डॉक्टर आणि तोंड उघडं असलेला पेशंट, तिघेही एकदम ओरडले.

"खाली उतर आधी!" आई कडाडली, आणि तीन दिवसांचा बांध फुटला. "घोडा झालास तरी टेबलावर नाचतोस? कापड कोण धुणार? ते दिवे कोणी लावलेत भर दिवसा? चपला! माझ्या कटिंगच्या टेबलावर चपला! आणि तो टॉवेल! दोन रात्री ओल्या गादीवर झोपतेय मी, तुझ्या त्या सहा लाख लोकांच्या भिडेपोटी! उचल तो आधी!"

रबऱ्याने टॉवेल उचलला. आधी सगळं लिहून घेतलं, मग उचलला.