रघूची हरकत नव्हती

“कंपनीतर्फे वकील बसलेत. तुमची हरकत असेल तर आत्ताच सांगा, मी त्यांना उभं राहू देणार नाही,” चौकशी अधिकारी सुजय टिळेकर म्हणाले.

कंपनीचा वकील याकूब करजीकर याने मान खाली घातली आणि फाइलची दोरी सोडायला घेतली. मनातल्या मनात तो म्हणत होता, घे रे बाबा हरकत, एवढी एक घे.

समोरच्या खुर्चीत रघू घरत बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, तेल लावून चापून बसवलेले केस. बावीस वर्षं ज्या कंपनीत रंग शिजवला, त्या कंपनीच्या मीटिंगच्या खोलीत तो आज पहिल्यांदाच आला होता.

“हरकत कसली, साहेब? याकूबभाय आमच्याच गावचे हायेत. एका बांधावर वाढलो आमी.”

टिळेकरांनी चष्म्यावरून याकूबकडे पाहिलं. “गावचे? मग तुम्हाला काही अडचण आहे का?”

“नाही,” याकूब म्हणाला. जरा घाईनेच म्हणाला.

पेणपासून रोह्यापर्यंतच्या मॅनेजर मंडळींत याकूबचं नाव होतं. करजीकरांकडे फाइल गेली की माणूस परत येत नाही, असं ते एकमेकांना सांगत. याकूब आवाज चढवत नसे, टेबल आपटत नसे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच उत्तर येईल असे लहान लहान प्रश्न विचारायचा, आणि कामगार बिचारा भल्या मनाने ‘हो साहेब, हो साहेब’ करत स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा. याचा त्याला अभिमान होता. रोह्याजवळच्या अष्टमी गावातलं घर, दारातली गाडी, सगळं या ‘हो साहेब’वर उभं होतं.

आरोप साधा होता. एकोणीस जुलैला पहिली पाळी चालू असताना रघू दुपारी बाराला परवानगीशिवाय, गेटपासशिवाय निघून गेला. त्याच्या ताब्यातल्या भांड्यातला माल करपला. शेजारच्या सखाला सांगून गेलो, असं रघूचं म्हणणं. मला कुणी काही सांगितलं नाही, असं सखाने लिहून दिलं होतं. सखा कंत्राटी, त्याच्याकडून काय हवं ते लिहून घेता येतं. आणि कंपनीला कायम कामगार एक एक करून कमी करायचेच होते, रघू आयताच सापडला.

फाइल पहिल्यांदा उघडली तेव्हा तारीख वाचून याकूबचा हात थांबला होता. एकोणीस जुलैला त्याचे अब्बा, हाशिम करजीकर, गेले.

त्यांचं गाव पेणच्या खाडीकाठी, खारजमिनीत. पावसाळ्यात कब्रस्तानात दोन हात खणलं की पाणी लागतं, आणि अवसेपुनवेच्या उधाणात तर खड्डा डोळ्यांदेखत भरतो. अशा वेळी कबरीभोवती चिखलाचा बांध घालून, मय्यत आत उतरेपर्यंत पाणी उपसत राहावं लागतं. ते कसब घरतांच्या घरात होतं. मिठागरं आणि शेतांचे बांध राखणारी माणसं ती. पाणी कुठून येणार हे त्यांच्या पायांना कळतं. याकूबच्या आजोबांच्या वेळी रघूचा बाप आला होता.

त्या दिवशी अवस होती. याकूबने स्वतः फोन केला होता. “रघू, अब्बा गेले. उधाण यायच्या आत ये रे.” पाळी कुठली, सुट्टी आहे का, हे विचारायचं त्याला सुचलंही नाही. “आलोच,” एवढंच रघू म्हणाला होता. कंपनीच्या निळ्या कपड्यांत तो आला, बूट काढून खड्ड्यात उतरला आणि दोन तास कमरेत वाकून पाणी उपसत राहिला. हाशिम करजीकर कोरड्या मातीवर टेकले.

आता धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. फाइल परत करावी तर कंपनी कारण विचारणार. कारण सांगितलं तर कंपनीच्या वकिलालाच रघूचा साक्षीदार व्हावं लागणार. मग ही कंपनी गेली, आणि हिच्यामागोमाग आणखी चार गेल्या असत्या. याकूबने मूग गिळले आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“गेटपास घेतला होता का?”

“नाय.”

“सुपरवायझरला विचारलं होतं?”

“ते जेवायला गेलेले. थांबाया येळ नव्हता.”

“म्हणजे विचारलं नाही.”

“नाय.”

“भांडं तापत असताना सोडून जायचं नसतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“व्हय. मीच पोरांना शिकवायचो तां.”

पुढचा प्रश्न कुठे गेला होतात, हा. तो याकूबने विचारलाच नाही. “माझं झालं,” म्हणून तो बसला. ज्याचं उत्तर आपल्याला नको असतं तो प्रश्न वकील विचारत नाही. याकूबनेच हे ज्युनिअरांना शिकवलं होतं.

शेवटी टिळेकरांनीच विचारलं. “पण गेला होतात कुठे तुम्ही? असं तातडीचं काय होतं?”

रघूने याकूबकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. तो नुसता वाट बघत होता.

“खासगी काम व्हतं,” रघू म्हणाला.

“लिहा, समाधानकारक कारण दिलं नाही.” टिळेकरांनी उसासा टाकला. “तुम्हाला कंपनीच्या वकिलांना काही विचारायचंय?”

“व्हय. जमिलाचाचींचा गुडघा कसा हाय आता?”

लिहून घेणाऱ्या नमिता मॅडम थांबल्या. “हे लिहू का, सर?”

“नको.”

“अम्माचा गुडघा बरा आहे,” याकूब म्हणाला.

बाहेर सायकल स्टँडजवळ याकूबने त्याला गाठलं. “सांगितलं का नाहीस तू? मी काय तुझं तोंड धरलं होतं?”

“कबरीच्या कामाची मजुरी नाय घेत आमच्यात. बापानं नाय घेतली. मी नोकरी मागू व्हय तिच्यावर?” रघूने सायकलचं कुलूप काढलं. “आन तुमी व्हतातच की तिथं. सांगायचं असतं तर तुमी सांगतलं असतंत.”

जानेवारीत रघूला काढल्याचं पत्र गेलं. मसुदा याकूबचाच होता. मॅनेजरने फोन करून त्याचं कौतुक केलं.

त्या शुक्रवारी तो गावी गेला. ओट्यावर अम्मा वालाच्या शेंगा सोलत बसली होती.

“रघूची इंदू आली व्हती. या शेंगा देऊन गेली.”

“काही बोलली?”

“रघूला काढला म्हणाली. भांडली नाय.” अम्माने मान वर केली. “तू व्हतास तिथं?”

“माझं काम होतं ते, अम्मा.”

“व्हय. कामच.” तिने चार शेंगा सोलल्या. “याकूब, मी गेले का मला तिकडं अष्टमीलाच पूर. हितं नको.”

“असं काय बोलतेस? अब्बांच्या शेजारची जागा तूच राखून ठेवायला लावलीस ना?”

“रव्हू दे ती. पावसात गेले तर पानी उपसाया कुणाला हाक मारशील?”

याकूबने बांधाकडे नजर वळवली.

“मारशील. तू रघूलाच मारशील,” अम्मा म्हणाली. “आन तो येल. म्हणून नको.”

काहीतरी करायचं म्हणून त्याने शेंगांकडे हात नेला. अम्माने सूप आपल्याकडे ओढून घेतलं.