सोसायटीची सतरंजी आवळ्यांखाली

मी सतरंजी बोलतेय. माझा जन्म तुरुंगातला, हे आधीच सांगून टाकते. मागाहून दुसऱ्याकडून कळलं की माणसं उगाच संशय घेतात. गुन्हा विणणाऱ्यांचा होता, माझा नव्हे. त्यातल्या एकाने विणताना इतके उसासे टाकले की माझा निळा पट्टा जरा वाकडाच आला.

तिथून मी बीडकडच्या एका गावात विविध कार्यकारी सहकारी सोसायटीच्या नोकरीला लागले. एवढं लांब नाव माझ्या कोपऱ्यावर मावेना, म्हणून गटसचिव पंडितरावांनी नुसतं ‘सहकारी’ असं लिहिलं आणि मला कपाटात कोंडलं. बाहेर काढायचे ते वर्षातून एकदा, वार्षिक सभेला.

सभेला लागायची पंचेचाळीस माणसं, यायचे अकरा संचालक. मग पंडितराव गंभीर चेहऱ्याने जाहीर करायचे, “गणसंख्येअभावी सभा तहकूब.” अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरायची, आणि तहकूब सभेला डोकी मोजावी लागत नाहीत, असा नियमच आहे म्हणे. त्या अर्ध्या तासात माझ्यावर चहा सांडायचा, दोघे-तिघे घोरायचे आणि जागे झाले की सगळे ठराव एकमताने मंजूर. चेअरमन सुंदरराव सभा मुद्दाम कार्तिकात ठेवायचे. तोवर निम्मं गाव ऊसतोडीला माजलगावकडे गेलेलं असायचं.

एका साली मात्र पोळ्यानंतर पाऊस फिरकलाच नाही. बाजरी गुडघ्याएवढी, कपिलधारचा धबधबा करंगळीएवढा. ऊसही कमी, म्हणून साखर कारखान्याचा मुहूर्त लांबला आणि तोडणीच्या टोळ्या कार्तिकातही गावातच राहिल्या. पहाटे गारवा, दुपारी कोवळं ऊन, हाताला काम नाही. दुष्काळाने फुकट दिलेलं एवढंच होतं, आणि दगडाबाई ते वाया घालवणारी बाई नव्हती.

दगडाबाई म्हणजे टोळीतली विधवा. दोन एकर माळ तिच्या नावावर, म्हणून सोसायटीची सभासद. सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या टोळीचा ट्रक येणार होता. ओढ्याकाठी सोसायटीच्या मोकळ्या जागेत सात आवळ्या होत्या. उसाच्या फडावर जायच्या आधी एक दिवस त्यांच्याखाली जेवायचं आणि मनसोक्त खेळायचं, हा तिचा दरवर्षीचा नेम.

ती पंडितरावांकडे आली. “सायेब, सतरंजी द्या. तिथं कुसळं लई टोचतेत.”

“दुपारी सभा हाय, बाई.”

“सभंच्या आत आणून देतो आमी.”

पंडितरावांनी मला देऊन टाकलं. सभेचं प्रोसिडिंग ते आदल्या दिवशीच लिहून ठेवत, त्यामुळे ते निवांत होते.

काय सांगू, आयुष्यात पहिल्यांदा मला ऊन लागलं! गडी विटीदांडू खेळत होते. मला गुंडाळून बाजूला ठेवून बायकांनी फुगड्यांना जागा केली, मग पुन्हा पसरलं. चेअरमनच्या मंडळी छबुबाई घरी ‘सुपारी आणते’ सांगून आल्या होत्या, त्या तर दम लागेपर्यंत थांबेनात. मला परत नेऊन द्यायचं अर्थातच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

दुपारी सुंदरराव संचालकांसह स्वतःच मला न्यायला आले. कडक इस्त्रीच्या धोतरात ते फरशीवर थोडेच बसणार!

“दगडाबाई, उचला सतरंजी.”

“चंद्रभागाबाई निजल्यात तिच्यावर. म्हाताऱ्या माणसाला कशाला उठवायचं? बसा, जेवून घ्या.”

ठेचा, भाकरी आणि वांग्याची भाजी पाहून संचालक केव्हाच मांडी घालून बसले होते. सुंदरराव वैतागून म्हणाले, “हितंच उरकू. वाचा हो, पंडितराव.”

आणि पंडितरावांनी सवयीने लिहिलेलं सगळं वाचलं. “गणसंख्येअभावी सभा तहकूब. अर्ध्या तासाने पुन्हा सुरू. ठराव पहिला. ओढ्याकाठची निरुपयोगी आवळ्याची झाडे तोडून खताचे गोदाम बांधण्यास सर्वानुमते मंजुरी. सूचक, चेअरमन. अनुमोदक, दगडाबाई.”

दगडाबाईचा घास हातातच राहिला. “म्या? म्या कवा अनुमोदन देलं?”

“दरवर्षीच देता की,” पंडितराव बोलून गेले. “तुमी गावात नसता, म्हणून तुमचं नाव घालतो.”

“मागल्या साली काय देलं म्या?”

“चेअरमनसायबांच्या अभिनंदनाला.”

माझ्यावर बसलेली सगळी माणसं इतकी हसली की माझे दोरे सैल झाले. टोळीचा मुकादम बद्रीनाथ मात्र हातातल्या दांडूने एकेकाला मोजत होता. “बावन्न सभासद भरलेत, सायेब!”

पंडितरावांनी वही मिटली. एकोणीस वर्षांत भरलेली सभा त्यांनी पाहिलीच नव्हती. “आता काय करायचं आस्तंय?” त्यांनी हळूच विचारलं.

“मतं घ्या,” बद्रीनाथ म्हणाला.

दगडाबाई उभी राहिली. “सा महिने आमी उसाच्या पाचटात बसून खातो, सायेब. सावलीत बसून पोटभर जेवायचा सालात योकच दिस हाय आमचा. तेवढा तोडू नका.”

झाडं तोडायच्या बाजूने एकट्या सुंदररावांचा हात वर झाला. संचालक खाल्ल्या मिठाला जागले. हात ठेच्याने बरबटलेत म्हणून त्यांनी वर केलेच नाहीत. विरोधात पहिला हात छबुबाईंचा.

“तू बी?” सुंदरराव ओरडले.

“सभासद हाय न मी? तुमीच तर घरातल्या समद्यांची नावं घातलीत.”

आवळ्या राखायचा ठराव लिहायला घेताना पंडितराव अडखळले. “अनुमोदक?”

“लिव्हा, दगडाबाई. ह्या खेपंला खरंच हाय ती,” छबुबाई म्हणाल्या.

आठवड्यात सुंदररावांनी तीस लोखंडी खुर्च्या आणल्या. कुणी उचलून रानात नेणार नाही अशा, चांगल्या जड. मला निकामी म्हणून मोडीत काढलं, आणि दगडाबाईने सीझनहून आल्यावर घरी नेलं.

आता माझी चाळण झालीय. दगडाबाईचे गुडघे गेले, ती फडावर जात नाही. पण दरवर्षी ट्रक यायच्या आदल्या दिवशी ती मला आवळ्यांखाली अंथरते आणि जाणाऱ्या पोरींना आग्रह करकरून वाढते. तुम्हीही या. थंडी एकदा हाडात शिरली की कुणी बाहेर पडत नाही. मानपान नाही, हजेरी नाही. फक्त भोकं बघून बसा, खाली कुसळं आहेत.