पहिल्या तुकड्यापुढचा आवाज

तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा तोच भारदस्त आवाज, तोच उतारा, आणि ‘नदीच्या पलीकडे’ म्हणताना तो कापल्यासारखा थांबला.

समोरच्या गृहस्थांनी निराशेने मान हलवली. आवाज त्यांचाच होता. शस्त्रक्रियेत स्वरयंत्र काढावं लागणार म्हणून रुग्णालयाने त्यांच्याकडून एक उतारा वाचून घेऊन तो आधीच रेकॉर्ड करून ठेवला होता. आता शस्त्रक्रिया होऊन गेली होती आणि त्या आवाजावरून त्यांच्यासाठी बोलकं यंत्र बनवायचं, तर फाइल अशी अर्धवट. त्यांची बायको शेजारी बसली होती.

रुग्णालयाचा डेटाबेस सांभाळणं हे बटण दाबणारीचं काम, आणि आज तिचं डोकं उठलं होतं. एवढाल्या फाइली डेटाबेसच्या टेबलात कोंबू नका, बाहेर वेगळ्या ठेवा, असं तिने कंठशोष करून सांगितलं होतं. पण साहेबांना सगळं एकाच जागी हवं होतं. सॉफ्टवेअरवाल्यांना फोन लावला, तर ते म्हणाले, मुळात अर्धंच साठवलं गेलं असेल. पुन्हा रेकॉर्ड करून घ्या.

“कुणाकडून?” एवढंच विचारून तिने फोन ठेवला.

मग ती स्वतःच खोदकामाला लागली. टेबलात फाइलीचा आकार पाहिला, तर तो चांगला भरभक्कम. म्हणजे आवाज आत अख्खा होता. डेटाबेस मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी देत होता आणि तो वाजवणारा दीडशहाणा प्रोग्राम पहिला तुकडा उचलून मोकळा होत होता. दातओठ खात तिने तो दुरुस्त केला. शेवटचा तुकडा हाती येईपर्यंत आता तो मागत राहणार होता.

या वेळी आवाज नदी ओलांडून गेला. उतारा संपला. फाइल मात्र चालूच राहिली.

“झालं एकदाचं. अगं, पाणी नकोय मला. नको म्हटलं ना. किती वेळा सांगायचं तुला? बस की जरा स्वस्थ.”

गृहस्थ ओशाळले. बंद करा, अशी त्यांनी हातानेच खूण केली.

“हे शेवटचं काढून टाकते,” ती घाईने म्हणाली. “यंत्राला फक्त उतारा लागतो.”

बायको खुर्ची ओढत स्पीकरपाशी सरकली.

“उताऱ्याचं तुम्ही बघा,” ती म्हणाली. “मला हे परत लावून द्या.”