पांढऱ्याचं पान

रोवेना मॅब्रीच्या पुस्तकात सगळी मंडळी जमली होती. तळ्यातलं लांब मानेचं, खाणीतलं पंखवालं, कोंबड्या पळवणारं केसाळ. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत कुणी ना कुणी पाहिलेली, पण कुणालाच सिद्ध न करता आलेली ही जनावरं रोवेना चित्रांतून, हसतखेळत रंगवत होती. एकच पान अडलं होतं, धुक्यात दिसणाऱ्या, गाव नुसतं 'पांढरं' म्हणे त्या जनावराचं.

ते पाहिलेलं एकच माणूस हयात होतं. ऐंशी वर्षांच्या डेल्फी सायझमोर. रोवेना आपल्या कल्पनेनं काढलेलं त्याचं चित्र घेऊन त्यांच्या ओसरीवर गेली. सुळे, नखं, लालभडक डोळे.

डेल्फीबाईंनी चष्मा सरसावला. "हे कोण? आमचे धाकटे दीर?"

"तुमचं पांढरं आहे ते, डेल्फीबाई!"

"छे गं पोरी. याला बघून मी जागीच मेले असते."

मग त्यांनी समोरच्या डोंगराकडे बोट केलं. धुकं खाली उतरत होतं.

"नऊ वर्षांची होते. गाय चुकली म्हणून पहाटे वर गेले आणि मीच चुकले. धुक्यात स्वतःचा हात दिसेना. तेवढ्यात पुढे काहीतरी पांढरं चालायला लागलं. पाय वाजत नव्हते. नेच्याची पानंसुद्धा हलत नव्हती. मी थांबले की ते थांबायचं. असं करत करत आमच्या कुंपणाशी आले, आणि बघते तर काही नाही."

"हे कधी सांगितलं नाहीत?"

"पाहिलं एवढंच सांगितलं, तर गाव हसलं. त्यानं घरी आणून सोडलं म्हटलं असतं, तर हसलंही नसतं. नुसतं कीव करून बघितलं असतं."

रोवेनाने कोरा कागद काढला. तिथेच बसून नेचे काढले, ओली झाडं काढली, राखाडी धुकं भरलं. मधे थोडी जागा उरली. ब्रश तिकडे वळताच डेल्फीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"थांब. आता हात लावू नकोस. निघून जाईल ते."

रोवेनाला त्या पांढऱ्या जागेत खांदा दिसला, मागे वळून पाहणारी मान दिसली. दोघी श्वास रोखून बसल्या. शेजारची कॉफी गार झाली.

आठवड्याने प्रकाशकाचा फोन आला. "अहो, एका पानावर प्राणीच नाहीये!"

"आहे," रोवेना म्हणाली. "जरा वेळ बघा."

पलीकडे पान उजेडाकडे धरल्याची सळसळ झाली, आणि मग हलकेच, "अरे!" पान तसंच छापलं गेलं. खाली बारीक अक्षरांत ओळ होती: प्रत्यक्ष पाहणारी, डेल्फी सायझमोर, वय वर्षं नऊ.