एक्कावन्नाव्या वर्षी तारा

दात सरळ करून घ्यायचे आहेत, असं तिनं जेवताना सांगितलं, तेव्हा नवऱ्यानं आधी भाजी वाढून घेतली आणि मग विचारलं, कुणाचे? आपलेच, असं ती म्हणाली. त्यावर तो इतका हसला की त्याला ठसका लागला. एक्कावन्नाव्या वर्षी माणसं आहेत ते दात टिकवायच्या मागे असतात आणि ही निघाली सरळ करायला, हे त्यानं पाणी पिता पिता दोनदा बोलून दाखवलं. तिनं त्याच्या पाठीवर थाप मारली, ठसक्याला लागते त्यापेक्षा जरा जोरातच.

तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात, मागच्या बाजूला, ती सव्वीस वर्षं अल्टरेशनचं काम करत होती. गिऱ्हाइकाच्या पायाशी गुडघे टेकून बसायचं, ओठांत सात-आठ टाचण्या धरायच्या आणि एकेक काढून पँटच्या घडीला लावायची. दुकानातले सगळे तिला टाचणीबाई म्हणत. टाचणीबाई कामाला वाघ आहे, पण बोलत नाही आणि हसत तर मुळीच नाही, असा तिचा लौकिक होता. खरं तर तिला बोलायला भयंकर आवडे. पण तोंडात टाचण्या असलेल्या बाईला कुणी हसायला सांगत नाही, हे तिला कामाच्या पहिल्याच महिन्यात कळलं होतं. लोक तोंडात मिठाची गुळणी धरून बसतात, तिनं टाचण्यांची धरली.

कारण दात. समोरचे दोन एकमेकांच्या अंगावर चढलेले आणि डावा सुळा असा उंचावर, की ओठ मिटले तरी त्याला बाहेर काय चाललंय ते बघायचं असे. लहानपणी वर्गात पोरं तिला फावडी म्हणत. घरी आत्या येता-जाता बजावायची, दात काढू नकोस. ती हसायला लागली की हेच. शेवटी तिनं हसायचंच सोडून दिलं. आत्या जाऊन वीस वर्षं झाली, तरी हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जाई.

दाढ दुखायला लागली म्हणून ती डॉक्टरबाईंकडे गेली, आणि दाढेचं राहिलं बाजूला, डॉक्टरबाई पुढच्याच दातांकडे बघत बसल्या. एकावर एक चढलेल्या दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथं कीड लागायला सुरुवात झालीय, सरळ करून घेतले तर टिकतील, असं त्यांनी सांगितलं. या वयात होतं का, असं तिनं चाचरत विचारलं. प्रश्न वयाचा नाही, हिरड्यांचा आणि हाडाचा असतो, त्या म्हणाल्या, आणि तिच्या हिरड्या ठणठणीत होत्या. मग एकेक प्रकार त्यांनी समजावून दिला. स्टीलच्या तारा सगळ्यांत स्वस्त, तिच्या साधारण चार पगारांत बसतील अशा. दाताच्या रंगाच्या पट्ट्यांचा खर्च त्याच्या दीडपट, आणि जपाव्या लागतात. काचेसारखे पारदर्शक साचे दुपटीच्याही वर, ते दिवसाचे बावीस तास घालायचे आणि खाताना काढून ठेवायचे. काहीही घेतलं तरी दीड ते दोन वर्षं लागणार. पुढेही दात परत हलू नयेत म्हणून रोज झोपताना एक पट्टी लावायची, ती कायमची. आणि जागा करायला वरचे दोन दात काढावे लागतील, असं डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा तिला एकदम आत्या आठवली आणि ती हातामागे खुदकन हसली. डॉक्टरबाईंना काही कळलं नाही.

घरी नवरा चार दिवसांत निवळला. त्याला एवढंच हवं होतं की त्याच्याकडे पैसे मागू नयेत, आणि ते ती मागणारच नव्हती. खरी पंचाईत लेकीमुळे झाली. लेक लग्न होऊन चार वर्षं सासरी होती, मोठ्या ऑफिसात होती आणि आईच्या प्रत्येक गोष्टीत तिला मत होतं. तिनं फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला की करायचं तर पारदर्शकच करायचं, वरचा खर्च ती देईल. कुणाला कळणारसुद्धा नाही, असं ती म्हणाली. पुढच्या आठवड्यात हे वाक्य तिनं कितीदा म्हटलं असेल, देव जाणे. शेजाऱ्यांना कळणार नाही, दुकानात कळणार नाही, माझ्या सासूबाईंना तर अजिबातच नाही. जणू आई दात सरळ करायला नाही, दरोडा घालायला निघाली होती.

आणि आई हो म्हणाली. म्हणून तिला नंतर स्वतःचाच फार राग आला, पण म्हणाली खरी. लपवायची सवय एवढी मुरली होती की कुणी लपायला जागा दाखवली, की पाय आपोआप तिकडेच वळत.

ठरल्या दिवशी लेक अर्धी रजा टाकून आली. बाहेरच्या खोलीत शाळेतली पोरं बसली होती, तोंडभर तारा आणि त्या तारांसकट खिदळणं. ती त्यांच्याकडे बघत राहिली. लेक मोबाइलवर काहीतरी वाचत होती. वाचता वाचता सहज म्हणाली, "हे साचे फोटोतसुद्धा दिसत नाहीत. माझ्या लग्नात असते तर किती बरं झालं असतं. तुला सारखं सांगावं लागलं, आई, तोंड मिट म्हणून."

आत गेल्यावर डॉक्टरबाईंनी टेबलावर तीन जबडे मांडले, प्रत्येकावर एकेक प्रकार. लेकीनं पारदर्शकावर बोट ठेवलं आणि पैसे कसे भरायचे ते विचारायला लागली. डॉक्टरबाई तिला उत्तर देता देता थांबल्या. दात आईंचे आहेत, तेव्हा आईंनाही विचारू या, त्या म्हणाल्या.

"स्टीलच्या," ती म्हणाली.

लेकीला वाटलं, आईला खर्चाचा संकोच वाटतोय. तिनं हलक्या आवाजात सांगितलं की पैशांचं तिनं बघितलंय. आई म्हणाली, पैशांचा प्रश्न नाही. मग लेकीनं दुसरं कारण काढलं, दुकानात लोक बघतील. बघू देत, आई म्हणाली.

"पण आई, ते दिसतं गं. सगळ्यांना दिसतं."

"दिसायलाच पाहिजे." ती खुर्चीत सरळ बसली. तोंडावरचा हात तिनं मांडीवर ठेवला आणि दुसऱ्या हातानं धरून ठेवला. "मी शिकाऊ होते ना, तेव्हा एका काळ्या कोटाच्या बाहीला कच्चा टाका काळ्याच दोऱ्यानं घातला. म्हटलं, नीटनेटकं दिसेल. पक्की शिवण घालताना अर्धी बाही माझ्या नजरेतून सुटली, कारण कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं ते कळेचना. तो माणूस कोट घालून मुलाखतीला गेला. हात मिळवायला हात पुढे केला आणि बाही खांद्यापासून उसवली. मास्तर मला ओरडले नाहीत. लाल दोऱ्याचं रीळ हातात दिलं आणि म्हणाले, कच्चा टाका भडकच घालायचा. लपवला की काम तसंच राहून जातं."

लेक म्हणाली, कोट वेगळा, तोंड वेगळं.

"काही वेगळं नाही. मी चाळीस वर्षं लपवलं आणि ते तसंच राहून गेलं. आता नीट करायला निघाले, तर तेही चोरून करू? मी काय चोरी केलीय?" तिचा आवाज चढला होता आणि तो खाली आणायची तिला मुळीच इच्छा नव्हती. "तुझ्या लग्नात मी दिवसभर तोंड मिटून उभी होते. माझ्या एकुलत्या एका लेकीचं लग्न, आणि मी हसले नाही. तू सांगितलंस म्हणून नाही हसले. मला वाईट वाटलं होतं. आज सांगतेय."

आपण असं सांगितल्याचं लेकीला आठवत होतं, पण फोटोसाठी सांगावंच लागतं, एवढंच तिला तेव्हा वाटलं होतं. तिचे डोळे भरून आले. एरवी आई लगेच विरघळली असती, पाठीवरून हात फिरवला असता, जाऊ दे म्हणाली असती. आज तिनं तसं काही केलं नाही. लेकीचं वाईट वाटणं लेकीपाशीच राहू दिलं.

आधी दातांतली कीड साफ झाली, दोन दात काढून झाले, जखमा भरल्या. तारा बसवायच्या दिवशी लेक न बोलावता आली आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर पर्स मांडीवर घेऊन बसली. टाचण्या आता तोंडात धरायच्या नाहीत आणि दातांनी दोरा तोडायचा नाही, अशी डॉक्टरबाईंनी ताकीद दिली. मग त्यांनी बारीक रबरी कड्यांची पेटी उघडली. तार जागेवर धरायला ही प्रत्येक दातावर एकेक बसते, त्या म्हणाल्या. मोठी माणसं बहुतेक राखाडी घेतात, ती तारेच्या रंगात मिसळून जाते.

"यातल्या लाल द्या," ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी एकदा लेकीकडे बघितलं. लेक पेटीकडे बघत होती. "लांबूनही दिसतील हो," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वाटलं तर पुढच्या वेळी बदलून घ्या."

"आई," लेक कोपऱ्यातून म्हणाली, आणि थांबली. मग उठली, स्टूल खुर्चीजवळ सरकवलं आणि विचारलं, "दुखेल का हिला?"

चार-पाच दिवस ठणकेल, डॉक्टरबाई म्हणाल्या, आणि त्यांनी वरचा दिवा खाली ओढला. लख्ख उजेड तोंडावर पडला. कुणी सांगायची वाट न बघता तिनं तोंड उघडलं, होतं तेवढं सगळं.